डोळे शेवटी

"बसायला खुर्ची दिली, तिचा एक पाय आखूड," सोनाकाकू माझ्या कानाशी पुटपुटल्या. "तीन दिवस डुलतीय मी. बघणाऱ्याला वाटत असंल, म्हातारीच्या अंगात आलंय."

मी महोत्सवाच्या माहितीपत्रकाची घडी घातली आणि खुर्चीच्या पायाखाली सरकवली. खुर्ची डुलायची थांबली. त्या पत्रकात दुपारी चारचा कार्यक्रम छापलेला होता. तो कुणाच्या तरी पायाखाली जावा असं मला सकाळपासून वाटतच होतं.

काकूंच्या डोक्यावर त्यांचाच चेहरा उभा होता. कापडावर रंगवलेला, पंधरा फूट उंच, विसाव्या वर्षीचा. नाकात मोरणी, कपाळावर आडवं कुंकू, ओठ जरासे दुमडलेले. फोटोवाल्यानं हलू नका म्हटलं की दुमडतात तसे. केस झाले होते, कान झाले होते, डोरल्याचे मणीसुद्धा एकेक करून झाले होते. डोळ्यांच्या जागी तेवढं पांढरं कापड.

"नाक माझं एवढं मोठं न्हाई," काकू म्हणाल्या.

"काकू, अख्खं तोंडच एवढं मोठं नाही."

"ते खरं. पण नाकाला जास्तच माप घेतलंय ह्यांनी. मुद्दाम."

'ह्यांनी' म्हणजे निवृत्ती पेंटर, आमचे अण्णा. कोल्हापुरातल्या थेटरांवर हातानं रंगवलेले बॅनर लागायचे तेव्हा त्यातले निम्मे अण्णांच्या शेडमधून जायचे. मी सांगतेय ती चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि तेव्हासुद्धा ते बॅनर इतिहासजमा झालेले होते. फ्लेक्स आला आणि आम्ही नाटकाचे पडदे, शाळेच्या स्टेजवरची सरस्वती, गणपती मंडळांचे देखावे असं मिळेल ते रंगवत राहिलो. आम्ही म्हणजे अण्णा, अक्षरं काढणारा बशीर मुल्ला आणि मी.

मी काही चित्रकलेची शाळा बघितलेली नाही. चोविसाव्या वर्षी, माहेरी परत आल्यावर, गळक्या छपरावर टाकायला एखादं जुनं बॅनर मिळतं का विचारायला अण्णांच्या शेडमध्ये गेले होते. अण्णा म्हणाले, "बॅनर देतो, पण तेवढं आकाश भरून जा, माझा माणूस आला न्हाई." मी आकाश भरलं. पुढं चार वर्षं आकाशच भरत होते. मग साड्या आल्या, मग हात, मग गाल. डोळे कधीच आले नाहीत.

कारण डोळे शेवटी, आणि डोळे अण्णांनी. हा शेडचा कायदा. "डोळं आधी काढलं की चित्र तुमच्याकडं बघत बसतंय," अण्णा सांगायचे. "मग हात मोकळा चालत न्हाई. कुणी बघत असलं की माणूस नीटनेटकं काम करतंय, चांगलं न्हाई करत." सगळं झालं की अण्णा एकटे परांचीवर चढायचे, कानामागे ठेवलेला बारीक ब्रश काढायचे आणि चार फटक्यांत बाई जिवंत व्हायची. काकू, बशीर आणि मी खाली माना वर करून उभे. दरवेळी.

दुसरा कायदा ब्रशचा. ज्यानं वापरला त्यानं धुवायचा. रॉकेलमध्ये खळबळायचा, मग साबणानं, मग ओठांत धरून त्याचं टोक काढून ठेवायचा. रॉकेलची ती चव अजून माझ्या जिभेवर आहे.

आता मुख्य गोष्ट सांगते. दोन वर्षांपासून अण्णांना समोरचं दिसत नव्हतं.

आंधळे नव्हते. रस्त्यानं नीट चालायचे, आकाश भरायचे, मोठा हात अजून पहिल्यासारखा चालायचा. पण जिथं बघावं तेवढीच जागा पुसल्यासारखी. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं: मधली नजर गेली, कडेची राहिली, गेलेली परत यायची नाही. अण्णांना काय सांगितलं ते अण्णांनाच ठाऊक. घरी येऊन ते म्हणाले, "नंबर बदललाय चष्म्याचा." काकू म्हणाल्या, "बदलतोय की, वयानं." झालं. तो विषय तिथंच मिटला.

पहिल्यांदा कळलं ते एका शाळेच्या पडद्यावर. अण्णा खाली उतरले, हात पुसले, म्हणाले, "कसं झालंय?" सरस्वतीचा डावा डोळा कानाकडे निघाला होता. मी बशीरकडे बघितलं. बशीर म्हणाला, "झकास, अण्णा." तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली, "अवो, चहा घ्यायला या." अण्णा गेले. मी परांचीवर चढले, फडक्यानं ओला रंग पुसला आणि तो डोळा जागेवर आणला. उतरले ती शिडीच्या दोन-दोन पायऱ्या सोडून. भीतीनं, आणि दुसऱ्या एका गोष्टीनं. तिचं नाव मी तेव्हा घेतलं नाही. मला जमलं होतं.

त्यानंतर तीच पद्धत पडली. अण्णा डोळे काढणार, काकू चहाला हाक मारणार, मी चढणार, बशीर शिडी धरणार. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. अण्णांनाही वयानं जरा आळस आला होता. डोळ्यांचा ब्रश हल्ली तसाच रंगानं भरलेला टाकून जायचे. मी माझं काम झालं की तो धुऊन, टोक काढून, डब्यात ठेवून द्यायचे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना अनुदान आलं.

शहर कला महोत्सवाच्या समितीनं 'लुप्त होत चाललेल्या शहरी कला' ह्या सदराखाली अर्ज मागवले होते. "आपण लुप्त होतोय हे आता सही-शिक्क्यानिशी ठरणार म्हण," बशीर म्हणाला. अर्ज मी भरला, कारण आमच्यात माझं अक्षर बरं. अक्षरं काढून पोट भरणाऱ्या बशीरचं कागदावरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. अर्जात एक चौकट होती: आपल्या कलेचे वैशिष्ट्य, पन्नास शब्दांत. तिथं मी काय लिहावं? शेडचा कायदा लिहिला. डोळे शेवटी काढतात, ते फक्त अण्णा काढतात, चार फटक्यांत काढतात. पन्नास शब्दांत बसवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. लिहिताना माझा ऊर भरून आला होता आणि आपण काय लिहितोय ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

समितीच्या ऋता मॅडम शेडमध्ये आल्या त्या माझं वाक्य पाठ करूनच. चेहरा कुठल्या नटीचा नको, परवानगीची भानगड होते, आपल्या मातीतली बाई हवी, म्हणाल्या. "मातीतली म्हणजे चिखलानं भरलेली?" बशीरनं मला हळूच विचारलं. अण्णा आत गेले आणि काकूंचा लग्नानंतरचा फोटो घेऊन आले. मग माहितीपत्रक छापून आलं: तिसरा दिवस, दुपारी चार वाजता, ज्येष्ठ कलावंत निवृत्ती पेंटर प्रमुख पाहुण्यांच्या उपस्थितीत चित्राचे डोळे उघडतील.

काकूंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "लोकांसमोर चहाला हाक कशी मारायची गं?"

तर तो तिसरा दिवस. जुन्या गोदामाच्या आवारात पंचवीसेक स्टॉल होते. शेजारी एक पोरगी कागदाचे पक्षी करत होती, पलीकडे एक गृहस्थ भंगारातून घोडे. आमच्या स्टॉलवर पाटी होती: निवृत्ती पेंटर आणि सहकारी. "आपण दोघं म्हणजे 'आणि'," बशीर म्हणाला. माणसं येत होती, बिनडोळ्यांच्या काकूंपुढं उभी राहून फोटो काढत होती, कापडाला नख लावून बघत होती.

"हे प्रिंट आहे ना?"

"नाही हो, हातानं केलंय."

"किती दिवस लागले?"

"अकरा."

"अरे बापरे. फ्लेक्स तासाभरात मिळतो."

हे संभाषण तीन दिवसांत किती वेळा झालं असेल. पाय भरून आले होते, हसून हसून गाल दुखत होते. अण्णा कोपऱ्यात बसलेले, मान जरा वाकडी करून. कडेच्या नजरेनं माणूस पकडायला त्यांना तसं बघावं लागायचं. लोकांना वाटायचं, कलाकार आहे, गर्वानं तोंड फिरवतोय.

दुपारी एक वाजता मी ऋता मॅडमना गाठलं.

"मॅडम, आजचा कार्यक्रम रद्द करता येईल का? अण्णांना बरं नाहीये."

"काय होतंय?" त्यांचा चेहरा खरंच उतरला. "डॉक्टर आहेत आपल्याकडे, बोलावू?"

आता सांगावं, असं वाटलं. तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "पाय दुखतात."

"मग वर चढायला आपले दोन स्वयंसेवक देऊ ना. परांचीवर स्टूल ठेवू." त्यांनी माझा हात धरला. "मंदाताई, तुमचं ते वाक्य वाचूनच समितीनं तुमचं नाव पहिलं काढलं होतं. मी तर घरी सगळ्यांना वाचून दाखवलंय."

मी परत आले. बशीर परांचीची गाठ तपासत होता.

"ही सोडून ठेवू का?" तो म्हणाला. "बांबू निसटला की कार्यक्रम आपोआप रद्द."

"आणि अण्णा वर असले तर?"

"आधीच सोडायची, येडे. रिकामी पडू दे."

"त्याखाली काकूंची खुर्ची आहे, बशीरभाई."

त्यानं गाठ आणखी आवळली.

दीड वाजता अण्णा आणि काकू मंडपामागं भाकरी खायला गेले. चौकटी आखायचा निळीचा दोरा माझ्या पिशवीत होता. फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच कापडावर मोठ्या आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची, ही आमची रीत. डोळे कुठल्या चौकटीत पडतात ते मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मी दोऱ्याचे तुकडे कापले, सरसात बुडवले आणि वर चढून चिकटवले. पापणीच्या रेघेवर एकेक तुकडा, बुबुळाच्या जागी बारीकशी गाठ. वरून पांढऱ्याचा पातळ हात. खालून कुणालाही दिसलं नसतं. पण अण्णांना रंगाला बोट लावून बघायची सवय होती. बोटाला लागलं असतं.

"काय करतीयस?" खालून बशीर म्हणाला.

"दोरा लावतेय."

"कशाला?"

"हाताला वाट सापडावी म्हणून."

बशीर मयताच्या घरीसुद्धा एखादा विनोद करून यायचा. आता त्यानं फक्त शिडी दोन्ही हातांनी धरली.

पावणेचारला गर्दी जमली. प्रमुख पाहुणे आले, पहिल्या रांगेत बसले. ऋता मॅडमनी अण्णांच्या सदऱ्याला कॉलरचा माइक लावला. "काही बोलायचं नाही अण्णा, फक्त काम करा. ब्रशचा आवाज ऐकू यावा एवढंच."

"ब्रशला कसला आवाज?" अण्णा म्हणाले, आणि चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून आवारभर ऐकू आलं. लोक हसले. अण्णा दचकले, मग त्यांनीही जरा हसून घेतलं.

मी त्यांच्या हातात रंगाची वाटी दिली. कानामागचा ब्रश त्यांनी काढला, अंगठ्यावर त्याचं टोक फिरवून बघितलं. आदल्याच आठवड्यात मी तो धुऊन ठेवला होता. बराच वेळ ते टोक फिरवत राहिले.

"मंदा, तू खाली थांब. लांब जाऊ नकोस."

"इथंच आहे, अण्णा."

ते चढले. एकेक बांबू पायानं चाचपत. काकूंनी खुर्ची उचलून जरा मागं घेतली, वर दिसावं म्हणून, आणि ती पुन्हा आखूड पायावर डुलायला लागली. पत्रक तिथंच पडून राहिलं.

वर गेल्यावर अण्णांनी मान वाकडी केली. आधी कानाकडे बघितलं, मग केसांकडे. कडेकडेनं जागा शोधत होते. मग डावा हात पुढं करून त्यांनी बोटं कापडावर टेकवली. बोटं सरकली. पापणीच्या रेघेवर आली.

थांबली.

आता बोटांनी वाट धरायची, गाठीपर्यंत जायचं, तिथं काळा टेकवायचा. एवढंच. अण्णा, एवढंच करा.

अण्णांनी नखानं दोऱ्याचं टोक उचकटलं. हळूच ओढलं. पांढऱ्या रंगाचा पोपडा निघाला, त्याच्याबरोबर दोरा. तो त्यांनी दोन बोटांत वळला, सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"मंदा."

कर्ण्यातून आवारभर माझं नाव गेलं. कागदाचे पक्षी करणाऱ्या पोरीनंही मान वर केली.

"काय, अण्णा?"

"ब्रश कुणी धुतला?"

मला वाटलं, टोक नीट निघालं नाही की काय. "मी."

"त्याच्या आधीच्या बारीला? गणपतीच्या पडद्याला?"

"मीच."

"आणि शाळेच्या सरस्वतीला?"

बशीरनं शिडीवरचे हात काढले नव्हते. त्याची बोटं पांढरी झालेली मला दिसली.

"दोन वर्षं मी ह्यो ब्रश मुद्दाम भरलेला टाकून जातोय," अण्णा म्हणाले. आवाज संथ, शेडमध्ये रंग कालवताना बोलायचे तसा. "चहा पिऊन येतोय तर धुतलेला. टोक काढून ठेवलेला. चोर लई हुशार, पण हत्यार धुवायची सवय मीच लावलेली."

लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. पाहुण्यांनी तर टाळी वाजवली. ऋता मॅडम हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

माइक चालू आहे हे अण्णा विसरले होते की मुद्दाम बोलले, ह्यावर बशीर आणि मी अजूनही भांडतो. बशीर म्हणतो विसरले. मी म्हणते, ज्या माणसाला कानामागचा ब्रश धुतलेला की न धुतलेला हे अंगठ्याला कळतं, त्याला आपला आवाज चार कर्ण्यांतून येतोय हे कळत नसेल? पण अण्णांना आम्ही कधी विचारलं नाही. न विचारायची सवय आम्हाला चांगलीच होती.

"वर ये," अण्णा म्हणाले.

"अण्णा, नको. तुम्ही काढा ना. चार फटके."

"वर ये, पोरी. आज चहाला कुणी हाक मारायचं न्हाई."

मी चढले. परांची दोघांच्या वजनानं करकरली. अण्णांनी ब्रश उलटा धरून दांडा माझ्याकडे केला. ब्रश असाच द्यायचा असतो, हेही त्यांनीच शिकवलेलं. मी घेतला. ते मागं सरकले, बांबूला पाठ टेकून उभे राहिले. शेडमधल्या इतक्या वर्षांत डोळ्यांच्या वेळी परांचीवर दुसरं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते माणूस अण्णा होते.

गर्दीत कुजबूज सुरू झाली. पाहुणे मॅडमच्या कानाशी काही विचारत होते. तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला. माइक नव्हता त्यांना, पण काकूंना माइक कधी लागला नाही.

"अवो! ती कशाला? माझं डोळं तुमी काढणार म्हणला होता. घरातनं निघताना म्हणला होता का न्हाई?"

अण्णांनी मान त्या आवाजाकडे केली. आधी सरळ केली. मग, रोज आम्ही बघत होतो आणि बघितलं नाही असं दाखवत होतो, तशी हळूहळू वाकडी केली. काकूंची खुर्ची डुलायची थांबली.

"सोने," ते म्हणाले, आणि चारी कर्ण्यांतून म्हणाले, "दोन वर्षं झाली. तुझं तोंड दिसत न्हाई मला."